हास्केलमध्ये पहिला खऱ्या कामाचा प्रोग्राम लिहिताना

पायथनमधून हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेकडे वळले तेव्हा वाटलं होतं, खरी झटापट मोनाड या तिथल्या अवघड समजल्या जाणाऱ्या कल्पनेशी होणार. प्रत्यक्षात मोनाडपर्यंत पोचायच्या आधीच साध्या गोष्टींनी अडवलं. मोजणी कुठे साठवायची? मधेच काय चाललंय ते छापून कसं बघायचं? आणि एवढ्याशा प्रोग्रामला एवढी मेमरी कशाला लागते?

काम छोटं होतं: लॉग फाइल वाचून कोणती एरर किती वेळा आली ते मोजायचं. फॉर लूप नाही, आणि एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही. 'काउंटर एकने वाढव' हे हास्केलमध्ये कसं म्हणायचं, यातच माझे दोन दिवस गेले. मग लक्षात आलं की जुना काउंटर बदलायचा नाहीच, पुढच्या फेरीच्या हातात नवा काउंटर द्यायचा. फंक्शनला आतापर्यंतचा हिशेब आणि पुढची ओळ मिळते, त्यातून ते नवा हिशेब परत करतं. फोल्ड म्हणजे एवढंच. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) हाताने लिहिण्याआधी मॅप (प्रत्येक घटकाला फंक्शन लावणं), फिल्टर (हवे तेवढे घटक निवडणं) आणि फोल्ड या तिघांत काम बसतंय का ते बघा. बहुतेक वेळा बसतं.

छोट्या फाइलवर प्रोग्राम झकास चालला. मोठ्या फाइलवर मात्र मेमरी चढतच गेली. हास्केल गरज पडेपर्यंत काहीच मोजत नाही. १९८७ मध्ये संशोधकांनी या भाषेचं काम हाती घेतलं तेच मुळी अशा 'आळशी' भाषांसाठी एक सामाईक भाषा हवी म्हणून. त्यामुळे माझ्या हिशेबात ५ हा आकडा नव्हताच. 'एकात एक मिळवा, त्यात आणखी एक मिळवा' अशी न मोजलेल्या बेरजांची साखळी लांबत चालली होती. फोल्डएल म्हणजे डावीकडून चालणारा फोल्ड; साध्याऐवजी त्याचा प्राइमवाला (foldl'), पायरीगणिक मोजणारा प्रकार वापरला, तरी फरक पडेना. तो प्रत्येक पायरीला हिशेब फक्त वरच्या थरापर्यंत उलगडतो, माझा हिशेब ज्यात होता त्या मॅपच्या (वरचं मॅप फंक्शन नव्हे, पायथनच्या डिक्शनरीसारखी रचना) आतल्या किमती तशाच राहतात. शेवटी डेटा-मॅप या लायब्ररी मॉड्यूलच्या जागी किमती लगेच मोजणारं डेटा-मॅप-स्ट्रिक्ट इम्पोर्ट केलं आणि मेमरी आटोक्यात आली. बदल एका ओळीचा! सरासरी काढताना बेरीज आणि संख्या जोडीत ठेवली, तरी हाच घोळ होऊ शकतो. तिथे किंमत लगेच मोजायला लावणारा बँग पॅटर्न वापरायचा, म्हणजे व्हेरिएबलच्या आधी उद्गारचिन्ह.

आता छापून बघण्याचं. शुद्ध फंक्शनच्या, म्हणजे फक्त उत्तर देणाऱ्या आणि बाहेर काहीच न करणाऱ्या फंक्शनच्या आत सरळ प्रिंट घालता येत नाही. अडीअडचणीला डीबग-ट्रेस हे मधेच संदेश छापणारं मॉड्यूल आहे, पण त्याचे संदेश भलत्याच क्रमाने येतात, आणि किंमत कुणी वापरलीच नाही तर काहीच छापलं जात नाही. माझी आता सवय अशी: फाइल वाचणं आणि निकाल छापणं एवढंच मेन या मुख्य फंक्शनमध्ये, बाकी सगळी फंक्शनं शुद्ध. मग जीएचसीआय (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारा हास्केलचा कन्सोल) उघडून फंक्शनला तीन ओळींची लिस्ट द्यायची, उत्तर लगेच समोर. छापायची गरजच उरत नाही.

मोठा मजकूर हाताळायचा असेल तर पहिल्या दिवसापासून मजकुरासाठीच बनवलेला टेक्स्ट हा टाइप वापरा. मूळची स्ट्रिंग म्हणजे एकेका अक्षराची लिस्ट, ती जड पडते. आणि लिस्ट रिकामी असू शकते तिथे पहिला घटक देणारं हेड नको, रिकामी आणि भरलेली या दोन्ही शक्यता पॅटर्नमध्ये लिहा.

टाइप एररला, म्हणजे किमतींचे प्रकार (टाइप) जुळत नसल्याच्या कंपायलरच्या तक्रारीला, मी फार घाबरायचे. लांबलचक संदेशात आधी दोनच गोष्टी शोधा: कंपायलरला कोणता टाइप अपेक्षित होता आणि प्रत्यक्षात कोणता मिळाला. काय लिहायचं तेच सुचत नसेल, तर त्या जागी नुसती अंडरस्कोर टाकून कंपाइल करा. तिथे कोणत्या टाइपची किंमत बसेल ते कंपायलर सांगतो, हाताशी असलेली कोणती नावं चालतील तेही सुचवतो. मोजणीचं ते फंक्शन मी शेवटी असंच पुरं केलं, एकेक अंडरस्कोर भरत.