कोरड्या तळाखालचं पाणी : पायाच्या खोल खोदाईवर नव्याने येणाऱ्यांसाठी

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जॅकवेल (पाणी उपसून पुरवण्यासाठी बांधलेली विहीर) किंवा पुलाच्या पायाचं काम हाती आलं, तर खड्ड्याचा तळ कोरडा दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्णा नदीच्या गाळात चिकणमातीखाली वाळूचे थर सापडतात आणि त्यातलं पाणी दाबाखाली असू शकतं. वरची माती निघत गेली की त्या दाबावरचं वजन घटतं. तळ फुगतो, मग फुटतो.

हिशेब साधा आहे, पण तो खोदाईआधीच करायचा. समजा खोदाई 8 मीटर, तळाखाली 3 मीटर चिकणमाती आणि मग वाळू. मातीचं वजन घनमीटरला 1.9 टन धरलं तर चौरस मीटरवर 5.7 टन. वाळूपर्यंत नेलेल्या नळीत पाणी जमिनीखाली 3 मीटरवर उभं राहत असेल, तर खालून दाब 8 टन. हा तळ टिकणार नाही. 1.2 चा सुरक्षा गुणांक हवा असेल, म्हणजे मातीचं वजन दाबाच्या 1.2 पट हवं असेल, तर नळीतलं पाणी जमिनीखाली 6.25 मीटरपर्यंत उतरवावंच लागेल.

त्यामुळे चाचणीचा बोअर खड्ड्याच्या तळाशी थांबवू नका, खालच्या वाळूपर्यंत न्या. नळी पीव्हीसीची घ्या, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. नळीच्या ज्या जाळीदार भागातून पाणी आत येतं त्याभोवती वाळू आणि त्यावर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या मातीचं) बूच हवं; नाहीतर वरचं झिरपलेलं पाणी मिसळून वाचन चुकतं. मे महिन्यातल्या वाचनावर पावसाळ्यानंतरचं काम आखू नका.

खड्ड्यातल्या डबक्याला पंप लावून वाळूतला दाब उतरत नाही. त्यासाठी खड्ड्याबाहेर वाळूपर्यंत विहिरी घेऊन सबमर्सिबल पंप बसवावे लागतात. वीज गेली की दाब पुन्हा चढतो, म्हणून जनरेटर आणि एक जादा पंप जागेवर तयारच ठेवा. उपसलेलं खारं पाणी शेतात किंवा गोड्या विहिरीकडे सोडू नका.

तळातून गढूळ पाणी उसळलं तर माणसं आधी बाहेर काढा. सिमेंटची पोती टाकून तोंड बुजवलं की पाणी शेजारून फुटतं. उसळी लहान असेल तर वाळू, बारीक खडी, मोठी खडी असे थर क्रमाने घाला. पाणी निघेल, माती अडेल. आवरत नसेल तर खड्डा पाण्याने भरून दाब तोलून धरा.

चाचणीचे जुने बोअर सिमेंट-बेंटोनाइटने बुजवलेले आहेत ना, हे स्वतः तपासा. पाणी बहुधा तिथूनच वाट काढतं. राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग पाया) आणि भिंतींचं वजन खालच्या दाबाला पुरेल तेव्हाच पंप बंद करा.