सिव्हिल लाइन्समधला जुना बंगला: आधी कवेलू, मग चुना, वायरिंग शेवटी

1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उभे राहू लागले. चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फूट जाड भिंती, उंच छत, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या (लाकडी त्रिकोणी चौकटी), वर कवेलू म्हणजे मातीची कौलं. असा बंगला राहण्याजोगा करताना लोक पहिली चूक सिमेंटची करतात.

चुन्याची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगावरून सुकवून टाकते. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. मग ओल वर सरकते, खिडकीच्या पाटापर्यंत पोपडे येतात, क्षार साचतात आणि विटा आतून भुसभुशीत होतात. वॉटरप्रूफ रंग लावला की आणखीच बिघडतं. गिलावा कशाचा आहे ते खिळ्याने खरवडून बघा. चुन्याची पांढरी भुकटी पडते, सिमेंटवर नुसती रेघ उठते.

पण भिंतीला हात लावण्याआधी छप्पर. जूनच्या मध्यात पाऊस येतो, म्हणून कवेलू उतरवून फेरायचं काम एप्रिलमध्येच संपवा. मंगलोरी कवेलू चौरस मीटरला साधारण 15 लागतात. दहा टक्के जास्तीचे आणून ठेवा, माकडं आहेतच. कैचीचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. सगळी कैची बदलायची गरज नसते. खालून टेकू देऊन कुजका भाग कापा, तिथे जुनं सागवान तिरक्या सांध्याने जोडा आणि 12 मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट टाका. सागवानाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला मात्र लागते.

मग बंगल्याभोवतीची माती. वर्षानुवर्षं मुरूम आणि फरशा टाकून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं. ते आतल्या फरशीपेक्षा निदान 15 सेंमी खाली न्या आणि पाण्याला भिंतीपासून दूर उतार द्या. निम्मी ओल इथेच थांबते.

सिमेंट काढताना ब्रेकर मशीन नको. छिन्नी-हातोडीने कडेपासून सोलत या, दरजा (विटांमधले सांधे) 20 मिमी खोल खरवडा, भिंत उघडी ठेवून सुकू द्या. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी कधीच नाही. पाणी उकळून उडतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरवलेला चुना गाळून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवा. पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली कन्हान नदीची वाळू, जाडी 12 मिमी. तो घट्ट झाल्यावर दुसरा थर 8 मिमीचा आणि शेवटी 3 मिमीचा बारीक हात. गूळ-बेलफळ घालण्याची चाल आहे, पण चुना कच्चा असेल तर गूळ त्याला वाचवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात हे काम करूच नका. गिलावा एका दुपारी वाळतो आणि जाळीसारखा तडकतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी करा आणि दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा.

वायरिंगसाठी चुन्याच्या भिंतीत आडव्या खाचा मारू नका, भिंतीच्या अंगावरूनच पाइप टाका. दिव्यांना 1.5, सॉकेटला 2.5, एसी-गीझरला 4 चौमिमी तांबं आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

रोशनदानं (भिंतीत उंचावरचे झरोके) बुजवण्याचा मोह टाळा. कूलरने आत ढकललेली हवा तिथूनच बाहेर जाते, नाहीतर खोली चिकट होते. एसी हवाच असेल तर एकच झोपण्याची खोली निवडा. तिथे दहा फुटांवर वेगळ्या तुळयांवर छत घ्या, वर 50 मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) पसरा, कैचीला भोक पाडू नका.