वाचलेलं डोक्यात राहीना, मग हे केलं

गेल्या वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होतो, प्रॉब्लेम असा की रात्री बारापर्यंत वाचलेलं सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजेपर्यंत साफ! गोव्याचा जनमत कौल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही ते मतदान) 16 जानेवारी 1967 आणि गोवा घटक राज्य झालं ते 30 मे 1987, या दोन तारखा तर कायम उलटसुलट, आई हसायची.

चूक माझीच. तेच पान हायलायटर मारून चार-चारदा वाचत होतो, ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला येतं असं वाटतं, पण पुस्तक मिटलं की काय नाय. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच दाखवून ठेवलंय की विसरणं सुरुवातीला सगळ्यात फास्ट, नंतर स्लो. म्हणजे पहिली उजळणी लवकर, मग अंतर वाढवत न्यायचं.

मग फोंडा-पणजी बसमध्ये मोबाईल खिशात ठेवून काल वाचलेलं न बघता आठवायला लागलो, बाणस्तारीचा पूल येईपर्यंत जे आठवलं नाही तेवढंच परत बघायचं, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने (चवथीत सगळं बुडालं ते सोडा). सुरुवातीला जाम वैताग येतो, निम्मं आठवतच नाही, पण आठवताना जोर लागला की तेच पक्कं बसतं. जागरणही बंद केलं, कारण दिवसभरचं शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो आणि मी नेमकी झोपच कमी करत होतो.

आता आई मासे साफ करता करता मध्येच तारीख विचारते.