नावापुढं काय लावायचं आणि काय नाही: किताब, पुरस्कार आणि हक्कांची भानगड

कोल्हापुरात कुठल्याही चौकात फ्लेक्स बघा, एकेकाच्या नावापुढं इतकं काय काय लावलेलं असतंय की खरं नाव हुडकावं लागतंय. हौस आहे, असू दे. पण तेच अर्जात, लेटरहेडवर नाहीतर खरेदीखतात घालायचं असंल तर आधी एवढं बघून घ्या.

१) दिलंय कुणी ते बघा. सगळा खेळ इथंच आहे. घटनेचं कलम १८ सांगतंय की शिक्षणातली आणि लष्करातली पदवी सोडली तर सरकारनं कुणाला किताब द्यायचाच नाही. म्हणून डॉक्टर, मेजर, कर्नल चालतंय आणि रावबहादूर, रावसाहेब देणं बंद झालं. पण ही बंदी सरकारवर आहे, समाजावर किंवा कुस्तीच्या आखाड्यावर नाही, त्यामुळं श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंदकेसरी झाले त्याला घटनेची काय आडकाठी नाही, तो मान मातीत कमावलेला. शाहू महाराजांना 'राजर्षी' म्हणतो ते तर घटनेच्याही आधीचं, १९१९ ला कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजानं दिलेलं, इंग्रज सरकारनं नव्हे.

२) पद्म पुरस्कार असंल तर नावाला चिकटवू नका. १९९५ मध्ये बालाजी राघवन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भारतरत्न, पद्मश्री वगैरे किताब नाहीत, सन्मान आहेत, म्हणूनच ते कलम १८ मध्ये अडकत नाहीत, पण मग ते नावाच्या आधी लावायचे नाहीत आणि नंतरपण नाहीत. सत्काराचे बोर्ड छापणारी मंडळी हे कुठं ऐकतात म्हणा! आणि पद्मश्री मिळाली म्हणून रोख रक्कम किंवा रेल्वेत सवलत असलं काय मिळत नाही. कुणाचं नाव सुचवायचं असंल तर राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही सुचवू शकतंय, स्वतःचंसुद्धा. काम जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं. सरकारी नोकर चालत नाहीत, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून.

३) आडनावाचा रुबाब वेगळा, हक्क वेगळा. पाटील, इनामदार हे आडनाव खुशाल लावा, पण मुलकी पाटलाचं वतन १९६२ च्या कायद्यानं गेलं. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं गेले. गादीला आपल्याकडं मान आहेच, तरी शाहू छत्रपतींना २०२४ ला खासदार व्हायला मतंच मागावी लागली की.

४) परदेशी सरकारचा किताब आला तर थांबा. भारताच्या नागरिकानं तो घ्यायचा नाही, कलम १८ मध्येच आहे. रतन टाटांना २०१४ ला ब्रिटननं मोठा सन्मान दिला, पण तो मानद होता, म्हणून नावापुढं 'सर' लागलं नाही, कारण ते 'सर' ब्रिटनचा राजा ज्यांचा राष्ट्रप्रमुख आहे, असल्या देशांच्या नागरिकांनाच लागतंय.

५) हक्क मात्र नागरिकत्वावर बघा. नेल्सन मंडेलांना १९९० ला भारतरत्न मिळालं, म्हणून त्यांना इथं मत देता आलं असतं का? नाही. उलट जगण्याचा हक्क आणि कायद्यापुढची समानता परदेशी माणसालाही आहे, पण मतदान, भाषण स्वातंत्र्य, सरकारी नोकरीत समान संधी हे फक्त नागरिकाचं. घरातलं पोरगं अमेरिकेत जाऊन तिथलं नागरिक झालं की इथलं नागरिकत्व आपोआप संपलं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतंय ते) घेतलं तर येणं-राहणं सोपं होतंय, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

६) कागद. आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आधारच्या कायद्यातच लिहिलंय. ॲडमिशनला जो 'डोमिसाइल' मागतात तो म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, त्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवरनं किंवा सेतूतनं करा. अर्जात शाळेच्या दाखल्यावर आहे तेच नाव घाला, पुढं श्रीमंत नको की मागं भाऊ-आण्णा नको, नावं जुळली नाहीत की अर्ज हमखास अडकतोय.