आयुष्यभर गाणी ऐकलीत, आता एका कवितेला चाल लावून बघा

चाळीस-पन्नास वर्षं रेडिओ ऐकणारी, भजनात टाळ धरणारी, पेटीवर थोडाफार हात फिरवणारी माणसं "आपल्याला कुठे चाली लावता येतायत" म्हणून थांबतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण इतकी वर्षं कानावर पडलेलं सगळं आत साठलेलं असतं आणि सुरुवात करायला तेवढं पुरतं.

पहिल्यांदा शब्द निवडा. माझं मत विचाराल तर अभंग घ्या. संतांच्या रचनांना परवानगीचा प्रश्नच नाही, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे केशवसुत (गेले 1905), बालकवी (गेले 1918) यांच्या कवितासुद्धा मोकळ्या आहेत. हयात कवीची कविता असेल तर यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पेटी बंद ठेवा. दोन-तीन दिवस ती रचना नुसती मोठ्याने वाचायची, फिरताना, भाजी निवडताना, कशीही. संगीतकार यशवंत देव शब्दप्रधान गायकीचा एवढा आग्रह धरायचे त्याचं कारण इथे कळतं, बोलतानाच आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो हे सगळं त्या ओळीत आधीच असतं. "आता पाऊस येईल" हे आतुरतेने म्हणा आणि मग काळजीने म्हणून बघा, एकदा जोर "आता"वर येतो, एकदा "पाऊस"वर. जोर आलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा, तो शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवा, नाहीतर वरच्या सुरावर किंवा लांबवलेला तरी. आणि श्वास शब्दाच्या मध्ये नको, "पंढ" म्हणून थांबलात आणि मग "रीनाथा" म्हणालात तर ऐकणाऱ्याचा विठ्ठल तिथेच हरवतो.

मग ठेका. मोठ्या अभंगाचे चरण 6-6-6-4 अक्षरांचे असतात आणि भजनी ठेका 8 मात्रांचा, म्हणजे 8 ठोक्यांचा. एका मात्रेला एक अक्षर धरलं तर सहा अक्षरांच्या चरणात दोन मात्रा उरतात, आणि त्या दोन मात्रा कुठे खर्च करायच्या हाच चाल लावणाऱ्याचा पहिला खरा निर्णय. शेवटच्या अक्षरावर लांबवल्या तर शांत वाटतं, मधल्या एखाद्या शब्दावर घातल्या तर तो शब्द उठून दिसतो, सुरुवातीला मोकळ्या सोडून उशिरा उचललं तर ओढ लागते. तिन्ही करून बघा, टाळी वाजवत, अजून सूर न लावता. शेवटच्या चरणात चारच अक्षरं, म्हणजे अर्ध आवर्तन मोकळं, तिथे घाई करू नका, टाळ-मृदंगाला बोलू द्या.

आता तानपुऱ्याचं ॲप लावा. पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, आपल्या गळ्याची, रेकॉर्डमधल्या गायकाची नाही. सुरुवातीला पाचच सूर घ्या, भूप म्हणजे सा रे ग प ध, आणि ठेक्यात बसवलेली ओळ त्यात गुणगुणा. फोनचं रेकॉर्डिंग चालूच ठेवा कारण चांगली जागा, म्हणजे सुरांचं छान वळण, एकदाच येते आणि चहा टाकेपर्यंत विसरते. मग तीच ओळ ग कोमल करून गा, म्हणजे शिवरंजनीचे सूर, तेच शब्द एकदम व्याकुळ होतात. कुठला रंग त्या शब्दांना शोभतो हे तुमच्या कानाला लगेच कळेल. पुढे एखाद्या शब्दाने रागाबाहेरचा सूर मागितला तर द्या, भावगीतात, अभंगात ते चालतं.

अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, साधारण वर जातो, तार सा पर्यंत, पण खरी कसोटी परत येण्यात आहे. अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याच्या (परत परत येणाऱ्या पहिल्या ओळीच्या) पहिल्या सुराजवळ आणून सोडायची, म्हणजे मुखडा आपोआप ओठावर येतो. म्हणून अंतरा बांधताना शेवटची ओळ आधी ठरवली तर सोपं जातं.

इतकं ऐकलंय म्हटल्यावर ऐकलेल्या चाली घुसणारच. त्या ओळखायला शब्द काढून नुसती सरगम म्हणा किंवा आठ मात्रांच्या केहरव्याऐवजी सहा मात्रांच्या दादऱ्यात गाऊन बघा, जुनं गाणं असेल तर बऱ्याचदा लगेच डोकं वर काढतं. एखादी जागा सारखी निघाली तर राहू द्या, अख्खा मुखडाच तोच असेल तर बदला.

आणि एकावर अडून राहू नका. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण चालू होतं तेव्हा सुधीर फडके दर आठवड्याला नवं गाणं देत होते, अशी 56 गाणी झाली. आपण महिन्याला एक तरी धरू.

चाल पक्की झाली की वहीत स्वर लिहा, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, समेला फुली. मग ती दुसऱ्या कुणाला तरी गायला द्या आणि स्वतः गप्प बसून ऐका, ते जिथे अडखळतात किंवा श्वासाला कमी पडतात तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढीच जागा परत बांधा.