ताओर्मिना वर, समुद्र खाली: सिसिलीतली चार शेजारी गावं गाडीशिवाय कशी पाहावीत

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एट्ना ज्वालामुखीच्या ईशान्येला, चार गावं एकमेकांना खेटून आहेत. जार्दिनी नाक्सोस समुद्राच्या पातळीला, उत्तरेकडे लेतोयान्नी, तेही किनाऱ्यालाच. दोघांच्या मध्ये साधारण २०० मीटर उंच कड्यावर ताओर्मिना आणि तिच्या डोक्यावर ५२९ मीटरवर कास्तेलमोला. नकाशात हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं आणि तिथेच बेत फसतो. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, चढ मोजावा लागतो. वर कधी जायचं आणि खाली कधी उतरायचं हे जमलं की दोन दिवस पुरतात. ते चुकलं तर अर्धा वेळ बसच्या रांगेत जातो.

पोहोचणं

कातानियाच्या विमानतळावरून ताओर्मिनाला थेट बस आहे, साधारण सव्वा ते दीड तास लागतो. ट्रेनने यायचं तर आधी कातानिया चेंत्राले स्थानक गाठावं आणि तिथून मेसिनाकडे जाणारी प्रादेशिक गाडी धरावी. उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा, समुद्र त्याच बाजूला आहे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरचं तिकीट असेल तर चढण्याआधी चेक-इन करायचं. हे विसरल्यास तिकीट असूनही दंड होतो आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

उतरायचं स्थानक ताओर्मिना-जार्दिनी. नावावर जाऊ नका, स्थानक खाली समुद्रकाठी आहे आणि ताओर्मिना डोक्यावर. बाहेर पडल्यावर बरेच जण केबल कार शोधू लागतात. ती इथे नाहीच. ती मात्सारोच्या किनाऱ्यावरून सुटते, म्हणजे स्थानकापासून दोनेक किलोमीटर पुढून, तेही वळणावळणाच्या अरुंद रस्त्याने. सामान घेऊन त्या रस्त्याने चालू नये. स्थानकासमोरून वर जाणारी बस धरावी, ती विया पिरांदेल्लोवरच्या बसतळावर सोडते. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस कमी असतात, तेव्हा परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच पाहून ठेवावं.

मुक्काम वर की खाली

पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि खिशाचा विचार करणाऱ्याने जार्दिनीत राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोल्या स्वस्त, वाळूचा किनारा दाराशी, आणि रात्री जेवून सपाट रस्त्याने पायी परतता येतं. मात्र जार्दिनी अख्ख्या उपसागराच्या काठाने लांबवर पसरलेलं आहे. स्थानक त्याच्या उत्तर टोकाला आणि मोठ्या हॉटेलांचा रेकानाती भाग दक्षिण टोकाला. ‘स्थानकाजवळ’ असं लिहिलेलं हॉटेल प्रत्यक्षात तीन किलोमीटर लांब निघू शकतं, म्हणून नकाशात पाहूनच खोली घ्या.

ताओर्मिनात मुक्काम करण्याचं खरं सुख दोन वेळांना मिळतं. सकाळी आठच्या आत आणि दिवसभराची गर्दी उतरून गेल्यावर. त्या दोन वेळांसाठी जास्तीचे पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर वर राहा. दोन्हीकडे हॉटेलच्या बिलाबाहेर माणशी, रात्रीगणिक पर्यटन कर द्यावा लागतो, बरेचदा रोख.

पहिला दिवस: आधी वर

ताओर्मिनातलं प्राचीन ग्रीक थिएटर उघडायच्या वेळेला दारात हजर राहावं. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे सहलींचे जथे थोड्या उशिरा येतात. दुसरं कारण उजेडाचं. एट्ना इथून नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन समोरून त्याच्यावर पडतं आणि उतार स्वच्छ दिसतो. दुपारपर्यंत उन्हाळ्यात माथ्याभोवती ढग जमतात आणि नंतर सूर्य डोंगराच्या मागे जातो. मग फोटोत उरतो तो नुसता राखाडी पडदा.

हे थिएटर ग्रीकांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात डोंगरात कोरलं, पण आज दिसणारं विटांचं बांधकाम बहुतेक रोमन आहे. वरच्या पायऱ्यांवर बसून रंगमंचाच्या भिंतीकडे पाहा. मधला भाग ढासळलाय आणि त्या भगदाडातून उपसागर नि एट्ना एकत्र दिसतात. भिंत धड होती तेव्हा रोमन प्रेक्षकांना हे दृश्य दिसत नव्हतं. ज्यासाठी जग इथे येतं ते पडझडीने दिलेलं आहे! उन्हाळ्यात संध्याकाळी इथे कार्यक्रम असतात, त्या दिवशी थिएटर लवकर बंद होऊ शकतं.

तिथून कोर्सो उंबेर्तो. पोर्ता मेसिना ते पोर्ता कातानिया या दोन वेशींमधली ही पायी चालण्याची सडक आहे, न थांबता गेल्यास पंधरा मिनिटांची. दुकानं सोडून द्या, पियात्सा नोवे अप्रिलेच्या कठड्याशी थांबा आणि पुढे कॅथेड्रलसमोरचं १६३५ सालचं कारंजं पाहा. त्याच्या टोकावर दोन पायांची स्त्री-सेंटॉर (अर्धी माणूस, अर्धी घोडा) आहे, तेच गावाचं चिन्ह. चौकातल्या टेबलावर बसून घेतलेली कॉफी महाग पडते. तीच कॉफी आतल्या गल्लीतल्या बारमध्ये काउंटरपाशी उभ्याने प्या. दुपारी सावली हवी असेल तर सार्वजनिक बाग गाठा. फ्लोरेन्स ट्रेव्हेल्यन या इंग्रज बाईंनी ती फुलवली, खालचं इझोला बेल्ला बेटही एके काळी त्यांचंच होतं.

कास्तेलमोलाला चार वाजल्यानंतर निघा. बसने पंधरा-वीस मिनिटं लागतात. चालत जायचं तर मादोन्ना देल्ला रोक्का या खडकात कोरलेल्या चर्चवरून पायऱ्यांची वाट आहे. ती चढ म्हणून न घेता उतार म्हणून घ्यावी, म्हणजे बसने वर आणि पायी खाली. चपला घसरतात, बूट घाला. गाव अर्ध्या तासात पाहून होतं. मोडकळीला आलेल्या किल्ल्यावरून खालची तिन्ही गावं एका नजरेत येतात आणि बदामाची वाइन चाखायची तर ती इथेच. गोड असते, लहान पेला पुरे.

दुसरा दिवस: मग खाली

इझोला बेल्लाला सकाळीच उतरा. ताओर्मिनातून मात्सारोपर्यंत केबल कार काही मिनिटांत नेते, तिथून थोडं दक्षिणेला चालायचं. वारा जोरात असला की केबल कार थांबते. तेव्हा विया पिरांदेल्लोवरून पायऱ्यांची वाट आहे. उतरताना वीसेक मिनिटं, चढताना मात्र दुप्पट. किनारा पूर्वाभिमुख आणि पाठीशी कडा, त्यामुळे दुपार कलली की सावली पडते. ऊन हवं असणाऱ्याने दुपार उजाडू देऊ नये.

बेटाकडे जाणारी पट्टी अगदी अरुंद आहे आणि बरेचदा पाण्याखाली असते, घोटा ते गुडघा पाण्यातून चालावं लागतं. तळाला गोटे, शेवाळलेले आणि हलणारे. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट नसतील तर माणूस दोन पावलांत चार पायांवर येतो. फोन गळ्यातल्या जलरोधक पिशवीत ठेवा.

मुलं बरोबर असतील तर इथे हट्ट करू नका, सरळ जार्दिनीच्या वाळूवर जा. खाजगी किनाऱ्यांवर छत्री आणि खाट भाड्याने मिळते, मोफत पट्टा हवा असेल तर ‘स्पियाज्जा लीबेरा’ विचारा. पोहून झाल्यावर कापो स्किझोपर्यंत चालत जा. हा भूशिराचा तुकडा जुन्या लाव्हाचा आहे. सिसिलीतली पहिली ग्रीक वसाहत, नाक्सोस, इ.स.पू. ७३४ मध्ये इथेच वसली आणि सिराक्यूजचा हुकूमशहा दियोनिसियस याने ती इ.स.पू. ४०३ मध्ये उद्ध्वस्त केली. तटबंदीचे काळे लाव्हाचे बहुकोनी दगड चुन्याशिवाय एकमेकांत कसे बसवलेत ते जवळून पाहा. इथे गर्दी जवळपास नसते.

लेतोयान्नीसाठी फार वेळ काढू नये. लांब, शांत किनारा आणि रात्रीचं जेवण, बस्स.

खाणं

सकाळी ग्रानिता आणि ब्रियोश, म्हणजे मऊ गोडसर पाव. ग्रानिता म्हणजे आइस्क्रीम नव्हे, बारीक रवाळ बर्फ. बदामाचा घ्या. ब्रियोशच्या डोक्यावरचा गोळा तोडून बुडवायचा, मग उरलेला पाव. शाकाहाऱ्यांना पास्ता अल्ला नोर्मा बिनधोक: वांगी, टोमॅटो, तुळस आणि वर किसलेलं खारट रिकोत्ता चीज. आरांचिनोत, म्हणजे तळलेल्या भाताच्या गोळ्यात, मात्र बहुधा गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो, विचारल्याशिवाय उचलू नका.

माशाच्या दरापुढे ‘अल्लेत्तो’ लिहिलेलं असलं तर तो दर १०० ग्रॅमचा असतो. पाहुणे तो अख्ख्या माशाचा समजतात आणि ७०० ग्रॅमचा मासा मागवून सातपट बिल भरतात. शिजवण्याआधी मासा वजन करून दाखवायला सांगा, त्यात कुणालाच काही गैर वाटत नाही. बिलातला ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बैठकीचा आकार, ती फसवणूक नाही. दुपारी तीन ते सात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात.

केव्हा

मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. मेमध्ये पाणी गार लागतं, सप्टेंबरात समुद्र उबदार असतो. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा इटली किनाऱ्यावर असतो, तेव्हा टाळाच. हिवाळ्यात अर्धी हॉटेलं बंद.

परतीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी तपासा: रेल्वेचा संप जाहीर झालाय का, आणि एट्ना राख उडवतोय का. राख पडली की कातानियाचा विमानतळ काही तास बंद पडतो. रेकानातीत राहणाऱ्यांनी विमानतळाची बस धरायला वर ताओर्मिनात जाऊ नये, ती खाली जार्दिनीतही थांबते.