धूर नसतानाही धुरातून बाहेर पडण्याचा सराव

छोट्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाकडे सरावासाठी धुराची खोली क्वचितच असते. पण दाट धुरात बाहेरची वाट चुकणं जिवावर बेततं, म्हणून हा सराव प्रत्येक जवानाला हवाच. तो केंद्राच्या आवारात, बिनखर्चात होतो.

१. १५ मीटरचे दोन-तीन होज (पाणी नेणारे लवचिक पाइप) जोडून बाकडी आणि जुन्या टायरांमधून वळणं देत पसरा. एक टोक गाडीच्या डिलिव्हरीला (पंपातून पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडाला) लावा. पाणी सोडू नका.

२. जवानाच्या डोळ्यांवर काळं फडकं बांधा, वर हेल्मेट. मधोमध नेऊन दोन गिरक्या द्या आणि रांगत होज शोधायला सांगा.

३. होज सापडला की चाचपत जोडापर्यंत जायचं. आपल्याकडच्या नेहमीच्या ६३ मिमी कपलिंगला (दोन होज जोडणाऱ्या धातूच्या जोडाला) बाहेर आलेले दोन खटके फीमेल भागावर (ज्यात दुसऱ्या होजचं टोक आत बसतं) असतात आणि तो भाग पंपाकडच्या होजचा असतो. म्हणजे खटके ज्या बाजूला, त्या बाजूला गाडी. दुसरीकडे गेलात तर ब्रँचकडे (आगीवर पाणी मारायच्या तोंडाकडे), थेट आगीत.

हातमोजे अजिबात काढू देऊ नका. उघड्या बोटांना खटका लगेच कळतो. जाड मोज्यातून तो ओळखणं हीच खरी परीक्षा. होजवरचा हातही सुटता कामा नये.

जपायचं ते एवढंच: आधी आपल्या गाडीवरचं प्रत्येक कपलिंग तपासा. मध्ये अडॅप्टर (न जुळणारी टोकं जोडणारा तुकडा) घालून होज उलटा जोडलेला असेल, तर हीच खूण माणसाला आगीकडे नेईल.